बाबांची कावीळ आणि मायचा मोगरा

पान पिवळे पडले की माणसे पाणी घालतात. का घालता, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ऊन फार आहे. आमच्या भंडाऱ्यात वैशाखात ऊन फार असते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु ऊन आहे म्हणून प्रत्येक पिवळ्या पानाचा गुन्हेगार ऊनच, हा निवाडा मी मान्य करणार नाही. आळीतले लोक सकाळी माझ्या फाटकाशी पाने घेऊन येतात आणि मी साक्षीदाराला विचारावे तसे त्यांना विचारतो. पान जुने की नवे? बुडाचे की शेंड्याचे? शिरा हिरव्या राहिल्या आहेत की त्याही पिवळ्या? कुंडीच्या तळाला भोक आहे, की पाणी साचून मुळे गुदमरली आहेत? जुने पान सबंध पिवळे होऊन गळत असेल तर झाड बहुधा उपाशी आहे. कोवळे पान पिवळे आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर मातीत असे काही शिरले आहे जे झाडाला समोरचे अन्न खाऊ देत नाही. चौकशीआधी शिक्षा नको, एवढेच माझे म्हणणे. "काका, तुमी तं पानाचीबी उलटतपासणी घेता," असे समोरच्या घरातली सून परवाच हसत म्हणाली. मला हसू आले नाही. हे प्रश्न मी पहिल्यांदा विचारले तेव्हा त्यांच्या उत्तरावर माझ्या वडिलांचा जीव टांगलेला होता, आणि ती भीती इतक्या वर्षांनंतरही पुरती ओसरलेली नाही.

आमचे घर तेव्हा करडी गावात होते. घराच्या मागे बाडी होती, म्हणजे भाजीपाल्याची कुंपणातली जागा. तिथे वांगी, चवळीचे वेल, एक लिंबू, भिंतीलगत जास्वंद, आणि तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत मायने लावलेले मोगरे. बाडी मायची होती. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरे, बाबांच्या आणि मोठेबाबांच्या. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे. माय त्यांच्याशी कधी थेट बोलली नाही. भासऱ्यांशी बोलायचे नाही, ही त्या काळची रीत, त्यामुळे ते समोर बाजेवर बसलेले असतानाच ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून मला म्हणे, "सांग त्याहीले, बी भिजत घातलं म्हनून," आणि मोठेबाबाही माझ्याकडे पाहून म्हणत, "सांग तुया मायले, मले ऐकू आलं." मी मधे नुसता उभा राही. या व्यवस्थेचे मला लहानपणी हसू येई. त्या वैशाखात येईनासे झाले.

बाबांच्या डोळ्यांत पिवळेपणा प्रथम मायला दिसला. लग्नसराईच्या पंगती खाऊन थकवा आला असेल, असे म्हणून बाबांनी तो उडवून लावला. पण थोड्याच दिवसांत त्यांचे तळहात, नखे, कपाळ, सगळेच हळद लावल्यासारखे झाले. आणि मग हळद घरातून हद्दपार झाली. काविळीच्या घरात पिवळे शिजवायचे नाही, असा नियम. वरण पांढरे, भाजी पांढरी, फोडणी नाही, तेल नाही. आढ्याला टांगलेली सुक्या झिंग्यांची पोटली काढून शेजारी देऊन टाकली. भाताची पेज आणि उसाचा रस, एवढेच बाबांच्या पुढ्यात. आम्ही सारेच ते फिकट अन्न खात असू आणि कोणी तक्रार करीत नसे, कारण घासागणिक नजर बाबांच्या डोळ्यांकडे जाई. दुपारी राईस मिलचा पट्टा थांबला की गाव निपचित पडे. त्या शांततेत एकच आवाज उरे: बाबांच्या खाजवण्याचा. त्यांच्या अंगाला विलक्षण खाज सुटली होती. बाजेच्या सुतळीवर पाठ घासल्याचा, नखांनी पोटऱ्या ओरबाडल्याचा तो खर्र खर्र आवाज मला ओसरीपासून बाडीच्या टोकापर्यंत ऐकू येई. आजही कोणी दार खरवडले तरी मी उठून पाहतो.

"भंडाऱ्याले नेऊ," असे मी एकदा म्हणालो. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "काविळीले सुई चालत नाही. दवाखान्यात गेले का पयले सुईच टोचतेत. कावीळ उतरवा लागते." आणि त्यांनी इस्तारीजींना बोलावणे धाडले.

इस्तारीजींविषयी मी येथे न्यायाने लिहिणार आहे, कारण पुढे कित्येक वर्षे मी त्यांच्याविषयी रागाने लिहीत आलो. ते शेजारच्या गावचे शेतकरी. स्वच्छ धोतर, मऊ बोलणे. ते कोणाकडून काही घेत नसत, चहासुद्धा नाही. लबाड माणसाला पकडता येते. ज्याला स्वतःलाच स्वतःची विद्या खरी वाटते, त्याला कोणत्या आरोपाखाली उभे करायचे? सूर्य वर यायच्या आत ते येत. बाबांना अंगणात पाटावर बसवून त्यांच्या तळहातांना आंब्याची ओली साल चोळत, मग दुधासारखे चुन्याचे पाणी हातांवर सोडत. खाली काशाची थाळी असे. हातांवरून गळणारे ते पांढरे पाणी थाळीत पडेपर्यंत पिवळे होई. भोवती जमलेल्या बाया तोंडावर हात ठेवत. "पाय वो, कशी उतरून राहिली!" मग इस्तारीजी थाळी उचलून बाडीत येत. पहिल्याच दिवशी त्यांनी मायच्या मोगऱ्यांतला सर्वांत जोमदार मोगरा निवडला होता. "रोग कोठंतरी ठेवा लागते ना बाप्पा. हवेत सोडला तं घरातच फिरन," ते म्हणाले आणि ते पाणी त्यांनी मोगऱ्याच्या बुडाशी ओतले. "याचा शेंडा पिवळा पडला का समजा, नामदेवाची कावीळ यानं घेतली." नामदेव हे बाबांचे नाव.

माय त्या मोगऱ्याला रोज हात जोडू लागली. कळ्या खुडायची थांबली. फुले झाडावरच सुकू लागली. बाडीत पहाटे मोगऱ्याचा वास आणि चुन्याचा वास एकत्र येई.

आणि मग खरोखरच शेंडा पिवळा पडला.

घरात सण झाल्यासारखे झाले. माय धावत आत गेली आणि बाबांच्या पायांशी बसून रडली. मोठेबाबांनी नारळ फोडला. बाया मोगरा पाहायला येऊ लागल्या. कोवळी पाने लिंबाच्या सालीसारखी पिवळी, आणि दर दिवसाला अधिक पिवळी. मी मात्र आत जाऊन बाबांचे डोळे पाहिले. ते तसेच होते. किंबहुना पिवळ्यात आता थोडी हिरवट झाक आली होती, आणि लघवी चहाच्या काढ्यासारखी गडद होत होती. झाड घेत होते आणि बाबांमधून काहीही कमी होत नव्हते. सगळे घर आनंदात आहे आणि आपल्याला एकट्यालाच दिसते आहे की माणूस बुडतो आहे, ही भीती कोणाला सांगावी? सांगितली तर अपशकुन बोलल्यासारखे होईल, असे वाटून मी ओठ आवळून राहिलो.

त्याच दुपारी मी भिंतीलगतच्या जास्वंदीपाशी सावलीला बसलो होतो. बसल्या जागेवरून तिची पाने डोळ्यांसमोर होती. बुडाची पाने हिरवी, शेंड्याची पिवळी, आणि त्या पिवळ्यात शिरांची हिरवी जाळी, जणू कोणी पेनाने ओढलेली. ही जास्वंद मागच्या दिवाळीपासून अशीच होती. दिवाळीत भिंतीला चुना दिला, आणि रंगाऱ्याने उरलेला चुना आणि बादलीची धुवण तिच्या बुडाशी ओतली, म्हणून मायने त्याला अंगणभर फैलावर घेतले होते. "झाडाले चुना पाजतेस कायले, लेका? तुयी माय तुले पाजत होती का?" हे तिचे शब्द मला आठवले, आणि मी उठून मोगऱ्याकडे गेलो. बुडाची पाने हिरवी. शेंडा पिवळा. शिरा हिरव्या. मी दोन्ही झाडांचे एकेक पान तोडून तळहातावर शेजारी ठेवले. जास्वंदीला कोणाची कावीळ झाली होती?

पण एवढ्याने भागणार नव्हते. आमच्याकडे बांधांचे तंटे मोठेबाबांपुढे येत आणि प्रत्येकाला ते एकच वाक्य ऐकवीत: "बोलू नोको, दाखव." मला दाखवावे लागणार होते. मी मायच्या मोगऱ्यांतला एक डबा उचलून गवताच्या गंजीमागे नेऊन ठेवला. पहिल्या मोगऱ्याच्याच फांदीपासून केलेला, त्याच मातीतला. घरातल्या मडक्यातला चुना पाण्यात कालवून मी रोज पहाटे, इस्तारीजी अंगणात बाबांचे हात धूत असत त्याच वेळी, त्याच्या बुडाशी ओतू लागलो. त्या पाण्याला बाबांचा हात लागलेला नव्हता. आंब्याची साल नव्हती, मंत्र नव्हता. फक्त चुना.

ते दिवस कसे गेले हे लिहिताना आजही माझा हात जड होतो. शेंडा पिवळा पडला तर मी खरा. पण मी खरा ठरलो तर बाबांची कावीळ जशीच्या तशी त्यांच्या अंगात आहे, आणि इतके दिवस वाया गेले आहेत. शेंडा हिरवाच राहिला तर इस्तारीजी खरे आणि बाबा वाचणार. मला काय हवे होते? मी खाली वाकून पान पाही आणि ते हिरवे दिसले की क्षणभर जीव भांड्यात पडे. मग आतून तो खर्र खर्र आवाज येई.

एके पहाटे बाबांना थंडी भरली. वैशाखातली रात्र सरली तरी जमीन निवलेली नाही, आणि बाबा गोधडीवर घोंगडी घेऊन दात वाजवीत आहेत. बाजेचे पाय जमिनीवर कडकड वाजत होते. माय त्यांच्या अंगावर ओणवी होऊन मला म्हणाली, "सांग त्याहीले, असं काहून होऊन राहिलं?" मोठेबाबा दारातच होते. ते मला म्हणाले, "सांग, रोग निंगताना असंच करते." दोघांचेही आवाज कापत होते. मी तिथून पळत गंजीमागे गेलो. डब्यातल्या मोगऱ्याचा शेंडा पिवळा झाला होता. शिरा हिरव्या होत्या.

इस्तारीजी नुकतेच येऊन अंगणात थाळी मांडीत होते. बाया जमल्या होत्या. मी दोन्ही डबे आणून त्यांच्यासमोर ठेवले, आणि काय केले ते सगळे सांगितले. जास्वंदीपासून गंजीपर्यंत, क्रमाने, एकही पायरी न गाळता. माझ्या आयुष्यातला तो पहिला युक्तिवाद. "याले बाबाचा हात लागला नाही," मी शेवटी म्हणालो, "तरी हे पिवळं झालं. झाडानं कावीळ नाही घेतली. झाडानं चुना घेतला."

इस्तारीजींनी दोन्ही शेंडे बोटांनी हळूच फिरवून पाहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती कणवेची होती. "पोरा," ते म्हणाले, "तुया बापाचा रोग मोठा हाय. एका डब्यात मावला नाही. भरला का सांडते. त्यातला सांडला तो यात आला."

"हो ना बाप्पा!" एक बाई म्हणाली. "दोन दोन झाडं लागली!" दुसरी म्हणाली. मोठेबाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि होकारार्थी मान डोलावली. माझा पुरावा माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा पुरावा झाला होता. त्यानंतर मी आयुष्यात कित्येक कचेऱ्यांत उभा राहिलो, कित्येक अर्ज लिहिले. पण न हरणाऱ्या युक्तिवादापुढे माणूस किती एकटा असतो, ते मला तिथेच कळले.

"पान आन इकडं," ओसरीवरून आवाज आला.

बाबा उठून बसले होते. घोंगडी अजून खांद्यांवर होती. मी दोन्ही मोगऱ्यांचे एकेक पान आणि एक जास्वंदीचे पान त्यांच्या पिवळ्या तळहातावर ठेवले. त्यांनी ती उजेडाकडे धरली. धानाचे पान धरीत तशी, मधली शीर अंगठ्याने चाचपत. मला वाटले, ते पाहता पाहता झोपी जाणार. मग ते मोठेबाबांना म्हणाले, "दादा, आपली तळ्याखालची बांधी आठवते का? चुनखडीची. तिच्यात परे टाकले तवा?"

"हव," मोठेबाबा म्हणाले. परे म्हणजे रोवणीसाठी टाकलेली धानाची रोपे.

"कसे झाले होते परे?"

मोठेबाबा पुढे होऊन पानांकडे पाहू लागले.

"शेंडा पिवळा, शीर हिरवी. असेच. मंग आपून कोनाची कावीळ टाकली होती गा, तिच्यात?"

एका बाईला हसू फुटले आणि तिने ते पदरात दाबले. बाबांना मात्र हसता आले नाही. त्यांनी पाने मुठीत धरली. "मले भेव लागून राहिला, दादा," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून लागून राहिला. तुमी सारे खुश होते म्हनून बोललो नाही. पन या झाडाच्या भरवशावर मी मरून जाईन."

"काविळीले सुई..." मोठेबाबा माझ्याकडे पाहून बोलू लागले, नेहमीसारखे, मायला ऐकू जावे म्हणून. मी तोंड उघडण्याआधीच माय उठली. तिच्या डोक्यावर पदर होता, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती सरळ मोठेबाबांकडे पाहत होती.

"दमणी जुपा," ती म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना उद्देशून उच्चारलेले ते पहिले शब्द. मोठेबाबा असे दचकले, जणू त्यांना कोणी ढकलले. मग ते गोठ्याकडे गेले आणि त्यांनी दमणीला, त्या हलक्या बैलगाडीला, स्वतः बैल जुंपले. पक्क्या रस्त्यापर्यंत दमणी, पुढे एस.टी. वाटेवर माय मोठेबाबांशी काही बोलली नाही आणि माझ्यामार्फतही नाही. बाबांचे डोके तिच्या मांडीवर होते आणि ती एका हाताने त्यांच्या तोंडावरचे ऊन अडवीत होती.

पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून आम्हाला त्याच दिवशी नागपूरला धाडले. आणखी उशीर झाला असता तर रक्तात विष भिनले असते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, आणि मोठेबाबा दवाखान्याच्या पायरीवर डोके धरून बसले. बाबा वाचले. पावसाळा लागता लागता घरी आले. हाडांचा सापळा, पण डोळे पांढरे. त्या दिवशी घरात पिवळे वरण शिजले. हळदीचा तो वास आजही मला कोणत्याही पक्वान्नापेक्षा मोलाचा वाटतो.

इस्तारीजी भेटायला आले. बाबांचे हात हातांत घेऊन म्हणाले, "अर्धा झाडानं घेतला, म्हनून अर्धा डाक्टरले निंगाला." आणि गावाने ते मान्य केले. त्यांच्याकडे पुढेही लोक जात राहिले. मी कागद घेतला आणि जिल्ह्याच्या साहेबांना पहिला अर्ज लिहिला. उत्तर आले नाही. तेव्हापासून मी लिहितोच आहे. आज जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, त्याची कलमे मला मुखोद्गत आहेत. तरी मागच्याच महिन्यात शहरातल्या एका चौकात "कावीळ उतरवून मिळेल" अशी पाटी मी पाहिली, आणि त्याच संध्याकाळी तीन कचेऱ्यांना नोंदणीकृत डाकेने पत्रे धाडली. हात धुणे हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो, असे एका अधिकाऱ्याने मला तोंडावर विचारले आहे. महाशय, हात धुणे हा गुन्हा नव्हे. त्या धुण्यात गेलेले दिवस, हा गुन्हा आहे.

पण हे प्रकरण रागाने संपवता येत नाही, कारण मोगरा उरतो.

चुन्याचे पाणी बंद झाले. मी माती बदलली, शेणखत घातले. पावसात मोगऱ्याला नवी पालवी आली आणि ती हिरवी निघाली. मी आनंदाने मायला बोलावले. तिने पान पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. मला काही उमगले नाही. काही दिवसांनी शेंडा पुन्हा पिवळा दिसू लागला. मी पाळत ठेवली, आणि एका पहाटे माय मडक्यातला चुना चिमटीने मोगऱ्याच्या बुडाशी टाकताना दिसली. "माय, कायले वो?" तिने माझे मनगट धरले. "तू म्हनते ते खरं असन," ती म्हणाली. "पन झाड हिरवं झालं, अन त्यातली कावीळ परत त्याहीच्या अंगात आली तं?"

मी ओसरीकडे पाहिले. बाबा जागे होते आणि सारे पाहत होते. त्यांनी मला मानेने खूण केली: राहू दे.

तो मोगरा माय जिवंत असेपर्यंत पिवळा राहिला. मरू दिला नाही, हिरवा होऊ दिला नाही. ती गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी करडीला गेलो, आणि आता त्या झाडाला मोकळे करावे म्हणून खुरपे घेऊन बाडीत शिरलो. बाबा मोगऱ्यापाशी उकिडवे बसले होते. थकलेले, कमरेत वाकलेले. ज्या बोटांनी त्यांनी पानाची शीर चाचपून खरे ओळखले होते, त्याच बोटांत चिमूटभर चुना होता.

"बाबा, तुमीसुद्धा?"

ते थोडे ओशाळले. चुना टाकून त्यांनी हात मातीला पुसला. "तुयी माय भेत होती," ते म्हणाले. "आता ती नाही. मंग तिच्या वाटचं कोन भेईन?"

मी खुरपे खाली ठेवले आणि त्यांना उठायला हात दिला.